बियाणें आणि शेत : हृदयरोगाविषयीं चार शब्द

मनुष्यदेहांत हृदयासारखा इमानी चाकर दुसरा नाहीं. मिनिटास सत्तर ठोके धरले तरी दिवसाकांठीं त्याचे एक लक्ष ठोके होतात, आणि आपण गाढ झोंपेंत असलों तरी तो क्षणभर विसांवा घेत नाहीं. असा हा चाकर ज्या दिवशीं अचानक काम सोडतो, त्या दिवशीं घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि कोणीतरी वडीलधारें माणूस म्हणतें, "त्यांच्या घराण्यांतच आहे तें." एवढें बोलून विषय संपतो. या एका वाक्याविषयींच मला शाळेच्या या वार्षिकांत विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं बोलावयाचें आहे. कारण हें वाक्य अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें वाक्य पुष्कळदां धडधडीत खोट्याहून अधिक घात करतें.

आमच्या घरीं आजोबांच्या वेळचें एक पवित्र शास्त्र आहे. त्याच्या आरंभींच्या कोऱ्या पानांवर घरांतील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या तारखा तीन पिढ्या लिहून ठेविल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं माझ्या चुलतभावाचें नांव त्या पानावर लिहिण्याची पाळी मजवर आली. तो अकोल्यास नोकरीस होता. वय अवघें अडतीस. पहाटे छातींत कळ आली आणि दवाखान्यांत पोंचण्यापूर्वींच सारें आटोपलें. नांव लिहितांना माझी दृष्टि वरच्या ओळींवर गेली. वडील, वय बावन्न. थोरले काका, वय सत्तेचाळीस. आजोबा, वय पंचावन्न. तारखा सर्व होत्या; कारण एकाहि नांवापुढें नव्हतें. आजोबांस 'वायु झाला' असें सांगत. काकांस 'अपचन' होतें, असें माझ्या चुलतभावास लहानपणापासून ठाऊक होतें. माझ्या वडिलांच्या मृत्यूचें खरें कारण मला माहीत होतें. परंतु थोरल्या बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं असतां पाहुण्यांनीं विचारलें, तेव्हां घरच्यांनीं "तापानें गेले" असें सांगितलें, आणि मी, वीस वर्षांचा शिकलेला मुलगा, शेजारीं बसून मान हालविली. आम्हीं सर्वांनीं मिळून जें लपविलें त्याची किंमत माझ्या चुलतभावानें भरली, असें मला वाटतें. त्याच्या मृत्यूनंतर मी आपलें रक्त तपासून घेतलें व बहिणीलाहि मुलाचें तपासावयास सांगितलें. दोघांच्याहि रक्तांत कोलेस्टेरॉल फार वाढलेलें निघालें. भाचा तेव्हां सतरा वर्षांचा होता.

घराण्यांतील रोगाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे दिसतात. एक जुनी : रक्तांतच आहे, मग टळणार कसें? दुसरी अगदीं नवी : वर्तमानपत्रांत जनुकोपचाराच्या बातम्या येतात, त्या वाचून सुशिक्षित मनुष्य म्हणतो, "आतां काय, एक सुई टोंचली कीं रोग मुळांतूनच जाणार." पहिला नशिबावर हवाला ठेवून स्वस्थ बसतो, दुसरा शास्त्रावर हवाला ठेवून स्वस्थ बसतो. स्वस्थ बसणें दोघांचें सारखेंच. माझें म्हणणें असें कीं, आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. परंतु तें टाळावयाचें तर प्रथम तें घरांत मोकळेपणानें बोललें पाहिजे.

वऱ्हाडांतील मुलांस जनुकाची गोष्ट समजावून देण्यास मला दूर जावें लागत नाहीं. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाशीचा पेरा असतो. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचें जनुक, म्हणजे विशिष्ट प्रथिन तयार करण्याची जणूं लेखी आज्ञा, शास्त्रज्ञांनीं कपाशींत घातली, आणि बोंडअळीस मारण्याचा गुण झाडाच्या अंगींच आला. पण २०१७ सालीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें काय केलें, हें आपल्या वडिलांस विचारा. अळी त्या विषास सरावली होती. मग पुनः जुनेंच सांगणें आलें कीं, फरदड घेऊं नका, पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढा, कामगंध सापळे लावा. बियाण्यांत जनुक बदललें म्हणून शेतकी सुटली नाहीं. बियाणें तें बियाणें आणि शेत तें शेत; पीक दोहोंचें असतें.

हृदयाचेंहि असेंच आहे. आईबापांकडून आलेलीं जनुकें हें बियाणें. खाल्लेल्या अन्नाचें शरीरांत जें ज्वलन, रूपांतर व सांठवण होतें, ज्यास चयापचय म्हणतात, तें शेत. आज जगांतील संशोधन या दोन्ही बाजूंनीं चाललें आहे, आणि दोन्ही बाजूंस आपल्या कामाचें पुष्कळ सांपडलें आहे.

आधीं बियाण्याचें पाहूं. कोलेस्टेरॉल हा चरबीच्या जातीचा पदार्थ शरीरास आवश्यक आहे. पेशींचीं आवरणें त्यावांचून नीट बनत नाहींत. परंतु तो रक्तांत वाजवीपेक्षां अधिक फिरूं लागला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आंतून थर धरतो. रक्तांतून त्याला उचलून घेण्याचें मुख्य काम यकृताचें. त्यासाठीं यकृताच्या पेशींवर जणूं लहान लहान दारें असतात. अमेरिकेंत डॅलस येथें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनीं हीं दारें शोधून काढलीं, आणि १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कांहीं घराण्यांत या दारांचें जनुक बिघडलेलें असतें. जगांत सुमारें अडीचशें माणसांत एकास असा जन्मजात दोष असतो. आईबापांपैकीं एकास तो असला तर प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा. मनुष्य दिसावयास सडपातळ, धडधाकट, निर्व्यसनी असतो. आणि उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकीं सुमारें निम्म्यांस पन्नाशीच्या आंतच हृदयविकार गांठतो. "कालपर्यंत ठणठणीत होता," असें ज्यांच्याविषयीं आपण म्हणतों त्यांतले कांहीं या जातीचे असतात.

आतां हा दोष जन्मजात आहे, म्हणून अटळ आहे काय? मुळींच नाहीं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं हजारों प्रकारच्या बुरशी तपासून १९७३ सालीं एका निळसर बुरशींत असा पदार्थ शोधिला कीं, ज्यानें शरीराची कोलेस्टेरॉल बनविण्याची क्रिया मंदावते. त्याच मार्गानें पुढें स्टॅटिन नांवाचीं औषधें निघालीं, व १९८७ पासून तीं रोग्यांस मिळूं लागलीं. आज तालुक्याच्या गांवींहि तीं औषधांच्या दुकानांत मिळतात. वर सांगितलेला दोष मुलांत सांपडल्यास आठ-दहा वर्षांच्या वयापासून डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें औषध देतां येतें. रक्ताची तपासणी साधी आहे. अडचण औषधाची नाहीं. अडचण ही कीं, तपासावयाचें कोणास हें आपल्यास कळत नाहीं, कारण घराण्याची हकीकत आपण झांकून ठेवितों.

पुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. यकृताचीं तीं दारें मोडून टाकणारें एक प्रथिन शरीरांतच असतें. त्याला पीसीएसके-नऊ असें रूक्ष नांव आहे. २००३ सालीं फ्रान्समधील कांहीं घराण्यांत असें आढळलें कीं, त्यांचें हें जनुक बिघडून दारांची मोडतोड प्रमाणाबाहेर होत होती. पुढें डॅलसच्या संशोधकांस याच्या अगदीं उलट माणसें सांपडलीं : त्यांचें हेंच जनुक जन्मतः निकामी होतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, अशा कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीपुरुषांचें घातक कोलेस्टेरॉल इतरांपेक्षां २८ टक्के कमी होतें, आणि पंधरा वर्षांच्या कालांत त्यांना झालेला हृदयरोग ८८ टक्के कमी होता. विद्यार्थी मित्रहो, या दोन आंकड्यांकडे नीट पाहा. कोलेस्टेरॉल चतुर्थांशाहून थोडेंच अधिक घटलें होतें, पण तें जन्मापासून घटलेलें होतें. म्हणून लाभ एवढा मोठा झाला. लवकर आरंभ केलेला थोडा उपाय उशिरां केलेल्या मोठ्या उपायास भारी पडतो, हा त्याचा बोध आहे.

त्या जनुकाची आज्ञा मुकी करणारें, वर्षांतून दोनदां टोंचावयाचें औषध युरोपांत २०२० पासून मान्य झालें आहे. त्याहूनहि पुढें जाऊन, २०२२ सालीं न्यूझीलंडमध्यें एका रोग्याच्या यकृतांत याच जनुकाचें एक अक्षर कायमचें बदलण्याचा पहिला प्रयोग झाला. तो प्रयोग २०२४ सालीं थांबवावा लागला. एका रोग्याच्या रक्ततपासणींत यकृतास इजा झाल्याचीं चिन्हें दिसलीं. संशोधकांनीं औषध यकृतांत पोंचविण्याचें साधन बदलून पुनः काम सुरू केलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें दुसऱ्या एका जनुकावरील अशाच प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. एकदांच दिलेल्या औषधानें, सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्या रोग्यांचें घातक कोलेस्टेरॉल सुमारें निम्म्यानें उतरलें. हें खरोखर अद्भुत आहे. परंतु त्या प्रयोगांत माणसें होतीं अवघीं पंधरा. १९९९ सालीं अमेरिकेंत दुसऱ्या एका रोगावरील जनुकोपचाराच्या प्रयोगांत अठरा वर्षांचा तरुण दगावला, हेंहि शास्त्रज्ञ विसरलेले नाहींत. म्हणूनच ते पाऊल जपून टाकतात. जे स्वतः संशोधन करतात ते सावकाश चालतात, आणि जे केवळ बातमी वाचतात ते धांवत सुटतात, असा हा उलटा प्रकार आहे.

आपल्या देशाचेंहि एक उदाहरण सांगतों. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या जनुकांत पंचवीस अक्षरें गळालेलीं असणें, हा दोष भारतीय उपखंडांत शंभरांत सुमारें चौघांच्या अंगीं आहे, असें हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें २००९ सालीं दाखविलें. शंभरांत चार! आपल्या शाळेंतील एकेका वर्गांत असे एक-दोघे असावयाचे. पण ध्यानांत ठेवा : हा दोष असणाऱ्या पुष्कळांस तरुणपणीं कांहींच त्रास होत नाहीं. म्हणजे एकाच बियाण्याचें पीक एके ठिकाणीं बरें येतें व दुसरीकडे करपतें. असें कां व्हावें? येथें शेताचा विचार आला.

हृदय हें यंत्र अखंड इंधन जाळून चालतें. त्याचें मुख्य इंधन स्निग्धाम्लें. त्यांच्या जोडीला साखर व इतर पदार्थ. हृदय दुर्बळ झालें म्हणजे हें इंधन नीट जळत नाहीं, भट्टी असून आंच कमी पडते. या चयापचयाचा अभ्यास करतांना अनपेक्षित लाभ झाले. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं निघालेल्या एका कडू पदार्थावरून पुढें मधुमेहाचें एक औषध तयार झालें. आणि २०१९ सालीं मोठ्या प्रयोगांत सिद्ध झालें कीं, मधुमेह नसलेल्या दुर्बळ हृदयाच्या रोग्यांसहि तें उपकारक आहे. साखरेच्या रोगावरील औषध हृदयास तारतें, यावरून दोन्हींचें शेत एकच आहे हें उघड होतें.

या शेताची मशागत कोठून सुरू होते, हें सर्वांत उत्तम रीतीनें दाखविलें तें आपल्या महाराष्ट्रानें. इंग्लंडांत डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं हर्टफर्डशायर परगण्यांतील जुनीं दप्तरें काढून दाखविलें होतें कीं, जे पुरुष वर्षाचे असतांना वजनानें कमी होते, तेच पुढें हृदयरोगानें अधिक मेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची व पुढें त्यांच्या मुलांची तपासणी चालविली. तेथील अर्भकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. नवल असें कीं, आपलीं बाळें हडकुळीं दिसलीं तरी त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानानें घटलेली नव्हती. घटले होते स्नायु व आंतील अवयव. दिसावयास रोड, पण आंतून चरबीचें, असें बाळ! २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनीं आपल्याच देहांचें मोजमाप छापलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर आपल्या मराठी डॉक्टरांच्या अंगांत २१.२ टक्के. "मी कांहीं लठ्ठ नाहीं, मला काय होणार," असें म्हणणाऱ्या प्रत्येक सडपातळ वऱ्हाडी गृहस्थानें हा आंकडा पाठ करावा.

याच खेड्यांतील अभ्यासांत आणखी एक गोष्ट २००१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. ज्या गरोदर स्त्रियांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां होतें, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं निपजलीं. पालेभाजी! आपल्या अंबाडीस, चिवळीस, पावसाळ्यांत फुकट उगवणाऱ्या तरोट्यास आपण गरिबाचें खाणें म्हणून नाक मुरडतों. घरांतील सून सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेलें खाते, आणि भाजी व दूध तिच्या वांट्यास येतच नाहीं. मग पन्नास वर्षांनीं तिच्या मुलाचें हृदय थकतें आणि आपण म्हणतों, "घराण्यांत आहे." अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटाच्या कुपोषणाची बातमी आपण वाचतों ती बालमृत्यूंची, परंतु जीं मुलें तेथें वांचतात त्यांच्या हृदयांवरहि त्या उपासमारीची नोंद झालेली असते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आणि अशा शेतांत पुढें तंबाखू, गोड चहाचे पेले, बाजारांतील तळणाच्या कचोऱ्या व दिवसभराची बैठक यांची भर पडली, म्हणजे अगदीं निर्दोष बियाणेंहि सडतें.

२००४ सालीं बावन्न देशांतील रोग्यांचा इंटरहार्ट नांवाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा नव्वद टक्क्यांच्या घरांतील धोका नऊ कारणांत सामावतो. त्यांत तंबाखू, रक्तांतील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण हीं येतात, आणि हीं सर्व मोजतां येतात व पुष्कळ अंशीं आवरतां येतात. त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, दक्षिण आशियांतील माणसास पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो व इतर देशांतील माणसास सुमारें ५९ व्या वर्षीं. हीं सहा वर्षें आपलीं आहेत. मुलांच्या शिक्षणाचीं, लग्नाचीं, घरावरील कर्ज फेडण्याचीं हींच तीं वर्षें होत.

येथें एक सूज्ञ आई मला अडवील. ती म्हणेल, "मास्तर, तुमचें शास्त्र खरें, पण आम्हीं घराण्याचा रोग उघड सांगितला तर आमच्या मुलीस स्थळ कोण देईल?" हा प्रश्न खोटा नाहीं. मी स्वतः त्या बैठकींत बसलों आहें. परंतु बाई, ज्या मुलीच्या भल्यासाठीं आपण लपवितों तिच्याच अंगीं कदाचित् तो दोष असतो, आणि पुढें तिच्या मुलांच्या अंगीं जातो. लपविल्यानें लग्न जमतें, रक्त बदलत नाहीं. शिवाय दोष कोणत्या घरीं नाहीं? शंभरांत चौघांचें जें जनुक मोडकें आहे, तें वरपक्षाकडेहि असणारच. जें सर्वांच्या घरीं थोडेंबहुत आहे त्यास कलंक म्हणणें हें अज्ञान आहे. स्थळ पाहतांना कारण सांगून सोबत "मुलीचें रक्त तपासलें आहे, काळजी घेतली जाते" असें म्हणणारें घर मला अधिक भरंवशाचें वाटेल. अशीं घरें आज थोडीं आहेत, हें मान्य. तीं वाढवावयाचीं तर आरंभ कोणीतरी केला पाहिजे, आणि शिकलेल्यांनीं नाहीं केला तर कोण करणार?

म्हणून माझें मागणें लहानसेंच आहे. विद्यार्थ्यांनो, नाताळच्या सुट्टींत आजीजवळ बसा. आजोबा, पणजोबा, मामा, आत्या हीं कितव्या वर्षीं व कशानें गेलीं तें तिला विचारा आणि वहींत लिहून काढा. 'वायु', 'अपचन', 'अचानक' असें उत्तर मिळालें तर त्यापुढें प्रश्नचिन्ह करा. पन्नाशीच्या आंतबाहेर अशीं दोन नांवें दिसलीं तर ती वही वडिलांच्या हातीं द्या. आईबापांनो, ती वही घेऊन अमरावतीस किंवा अकोल्यास चांगल्या डॉक्टरांकडे जा, आणि आधीं आपलें व मग मुलांचें रक्त तपासून घ्या. घरांतील सुनेचें व लेकीचें ताट इतरांच्या आधीं वाढा. पुढें जनुकोपचार आपल्या दारीं येईल तेव्हां त्याचें आनंदानें स्वागत करूं. पण त्याचा उपयोग तरी कोणास होईल? ज्याला आपलें बियाणें ठाऊक आहे त्यालाच.

माझा भाचा औषध घेतो, सकाळीं मैदानावर धांवतो आणि आतां महाविद्यालयांत शिकतो. त्याच्या हृदयाची काळजी वाटत नाहीं असें नव्हे, पण ती काळजी आतां डोळस आहे. आमच्या त्या जुन्या पानावर मी चुलतभावाच्या नांवापुढें मृत्यूचें कारण लिहिलें आहे; आणि त्याच शाईनें वडिलांच्या, काकांच्या व आजोबांच्या नांवांपुढेंहि. बहिणीनें तें वाचलें, थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं, आणि मग म्हणाली, "हें आधीं लिहावयास हवें होतें."